साल्मेनं नेलेलं घर

“घर घेऊन जाते म्हंजे? डोक्यावर घेऊन जातीस काय, घागरीवानी?”

“डोक्यावर कशाला? डोक्यावर तुज्या बायकूची बोलनी हाईतच की. गाड्यांवर घालून न्हेनार.”

“आक्का, तू शुद्धीत हाईस न्हवं?”

“म्या हाय. तू ऱ्हा. बा काय बोलला ते गावच्या कारभाऱ्यानं ऐकलं, पाद्र्यानं ऐकलं. रानं डीबोल्टची, घर साल्मेचं. तवा मान कुनी हालिवली? तूच न्हवं?”

“घर तुजं म्हंजे तू त्यात ऱ्हा, आसं! पर ते हुबं हाय ती जागा माजी. माज्या जाग्यात ऱ्हायाचं तर माज्या घरवालीला इचारून चूल पेटवायची, येवढंच म्हनतुया.”

“म्हनून तर न्हेते. तुजी जागा तुला लखलाभ. जाताना झाडून देऊ का?”

हे बोलणं हासेलवीलर गावात, त्या घराच्या भर अंगणात, उकिरड्याच्या कडेला उभं राहून चाललं होतं, आणि अर्धं गाव कुंपणाला टेकून ऐकत होतं. बहीण मोठी, भाऊ धाकटा. बाप जाऊन महिनाही झाला नव्हता. डीबोल्ट हसत होता, कारण बाई रागानं बोलते आहे, उद्या गप बसेल असा त्याचा हिशेब. कुंपणाला टेकलेल्यांत मात्र कुणी हसलं नाही. साल्मे बोलली की करते, हे त्यांना त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आमच्या आल्सास मुलखात लाकडाचं घर जमिनीत धरत नाहीत. गाय, गाडी, कपड्यांचा पेटारा, तसं घर. खुंट्या उपटल्या की सुटतं, खुंट्या ठोकल्या की उभं राहतं. वाटणीत एकाला रान आणि दुसऱ्याला घर मिळालं तर दुसऱ्यानं घर उचलून न्यावं, त्यात लाज नाही, गुन्हा तर नाहीच. पण हे सगळं लहानसहान खोपटांचं. हासेलवीलरचं ते थोरलं, दोन मजल्यांचं, आत हात घालावा तितकं जुनं निघत जाणारं घर कुणी हलवील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बापाच्याही नसणार. त्याला वाटलं असणार, दोघं सांभाळून घेतील. मरणारी माणसं असल्या गोष्टी फार सोप्या करून जातात.

डीबोल्ट शेवटी म्हणाला, “बरं. मार्टिनच्या सनापत्तुर, म्हंजे थंडीच्या तोंडापत्तुर, तुला मुभा. सनादिशी माज्या आंगनात जे लाकूड दिसंल ते माजं. आन ऐक, त्ये घर तिकडं हुबं ऱ्हायाचंच न्हाई. तीनशे वर्सं ह्या मातीत मुरलंय. म्हाताऱ्या झाडागत उपटशील आन सरपान करून बसशील. मंग येशील माज्या दारात.”

“आले तर कुत्रं सोड अंगावर,” साल्मे म्हणाली आणि बादली उचलून गोठ्यात गेली.

साल्मे तेव्हा चाळिशीला आलेली. अंगानं रुंद, पाय जाडजूड, पोटऱ्यांवर कायम वाळलेली माती. तिचा धंदाच मातीचा. कूड लिंपणं. खांबातुळयांच्या चौकटीत ओकच्या फोकांचा कूड विणायचा, त्यावर माती, भुसकट आणि शेण तुडवून केलेला चिखल थापायचा, वाळला की चुन्याचा हात द्यायचा. हे काम पुष्कळ बायका करतात. पण साल्मेची भिंत तडकत नसे. ती चिखल पायानं तुडवता तुडवता थांबायची, अंगठ्यानं दाबून बघायची, आणि म्हणायची, “आजून रडतंय. हसू दे.” हसणारा चिखल म्हणजे काय हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पाच गावांत तिच्या हातच्या भिंती होत्या आणि त्या गावांतल्या बायका तिला भीत होत्या, कारण दुसऱ्या कुणी लिंपलेली भिंत दिसली की ती बोटानं टोकरून बघायची, घरच्या मालकिणीसमोर.

लग्न केलं नाही. का केलं नाही, तर एकदा सांगत होती, “धा जागी बगाया ग्येले. एकाच्याबी घरात धूर सरळ जात न्हवता.” लोक हसले. ती हसली नाही. आई लवकर गेल्यावर तिनं त्या घराची चूल सांभाळली, बापाचं शेवटचं आजारपण काढलं, आणि डीबोल्टला तर कडेवर घेऊन वाढवलं. त्या घराच्या कुठल्या पायरीवर पाय दिला की कुठली तुळई कण्हते, हे तिला झोपेत सांगता आलं असतं. आणि आता त्याच घरात कुणाला विचारून चूल पेटवायची?

जागा तिच्याकडं होती. तिच्या मावशीनं आमच्या बुखेनडॉर्फात तळ्याच्या काठी एक तुकडा तिच्या नावानं ठेवला होता. त्यावर एक वाकडं नासपतीचं झाड, आणि शेजाऱ्याची बदकं. बाकी काही नाही. उन्हाळाभर साल्मे दगड आणून तिथं जोतं रचत राहिली. बदकं त्या जोत्यावर येऊन बसायची. गावात थट्टा सुरू झाली की साल्मेचं घर झालं, बिऱ्हाडही आलं.

सुताराला, म्हणजे वेल्टिन मेस्त्रीला, तिनं कापणी संपल्यावर बोलावलं. वेल्टिन उंच, कणा मोडल्यासारखा वाकलेला, बोलण्यात सावकाश. त्यानं घराला दोन फेऱ्या मारल्या, खांबावर मोगरी वाजवून आवाज ऐकला आणि म्हणाला, “सुटंल. पर बाई, सोडायच्या आदी हरेक जोडाला माज्या हातची खून कापावी लागंल. न्हाईतर तिकडं कोडं हुतंय.”

“कापायची न्हाई.”

“आँ?”

“जुन्या मेस्त्र्यांच्या खुना हाईत की लाकडावर. ह्यो बग. ह्यो बग. त्यांनी घर हुबं केलं ते काय झोपंत? त्यांच्या खुना ऱ्हाऊ देत आन तू त्येच्याच शेजारी पटाशी चालवनार? आमच्या लाकडाला तू काय वळू समजलास, दरसाल डाग द्यायला?”

वेल्टिननं मान खाली घातली. त्याला काजळीखाली बोटानं खुणा लागत होत्या हे खरं. उभ्या रेघा, आडव्या रेघा, रेघेच्या टोकाला एखादं निशाण. तसल्या खुणा प्रत्येक सुतार वाचतो. तरी तो नाइलाजानं म्हणाला, “खडूनं तरी करू द्या.”

“खडूनं कर. खडू पुसला जातो.”

पुढं तेच झालं, पण ते पुढं.

मग ते घर उकलायला सुरुवात झाली, आणि सांगतो, तसला तमाशा आमच्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. आम्ही बुखेनडॉर्फातून गाड्या घेऊन गेलो होतो. ज्यांच्या ज्यांच्या भिंती साल्मेनं लिंपल्या होत्या त्यांनी आपण होऊन बैल जुंपले. डीबोल्ट गोठ्याच्या ओट्यावर बसून डुकराची सुकी चरबी भाकरीबरोबर खात बघत होता.

पहिल्यांदा बाजूचा सज्जा निघाला. तो साल्मेच्या आज्यानं तंबाखूची पानं वाळवायला काढलेला, त्याच्या कठड्याला अजून तंबाखूचा वास. मग कौलं. कौलांच्या खाली वासे जोडीजोडीनं. एक बारका, एक जाड. बारक्या वाशांवर दोराचे घासलेले व्रण.

“ह्ये काय?” कुणी विचारलं.

“आदी गवताचं छप्पर व्हतं,” वेल्टिन वरूनच ओरडला. “गवत बांदायच्या दोऱ्यांचे वळ हाईत ते. कौलं आली, ती जड, म्हनून शेजारी जाड वासं घातलं. बारक्यांना कुनी काढलं न्हाई. बिचारी फुकट बसून ऱ्हायली.”

“डीबोल्टवानी,” साल्मे म्हणाली. ओट्यावरून चरबीचा तुकडा तिच्या दिशेनं आला आणि कुत्र्यानं वरच्यावर झेलला.

मग रस्त्याकडचा तो दर्शनी भाग, ज्याच्यासाठी लोक थांबून बघायचे. मजल्यावर मजला रचलेला, आखूड खांबांचा, फुल्या मारलेल्या धिऱ्यांचा, म्हणजे तिरक्या टेकूंचा, हात पसरलेल्या माणसासारखे धिरे असलेला. तो, गावंच्या गावं जळाली त्या जुन्या थोरल्या लढाईनंतरचा, डोंगरापलीकडून, स्वित्झर्लंडातून आलेल्या सुतारांच्या हातचा. तो सोडवला तेव्हा कळलं की तो नुसता पुढं चिकटवलेला आहे, कोटावर कोट घालावा तसा. त्याच्या मागं जुन्या घराचा कपाळपट्टी नसलेला, उघडाबोडका, काळा चेहरा उभा.

मग माळा आणि धुराडं. धुराडं विटांचं, ते पाडावंच लागलं. माळ्याच्या फळ्या उचलल्या आणि साल्मे आत जाऊन वर बघत उभी राहिली. आम्हीही गेलो. सगळ्यात आतलं घर. जमिनीपासून आढ्यापर्यंत एका दमात गेलेले चार खांब, एकेक खांब म्हणजे एकेक झाड. मधे मजला नाही, माळा नाही. खाली जमिनीवर जाळ पेटायचा आणि धूर आढ्याखाली फिरून फिरून गवतातून बाहेर पडायचा, त्या काळातलं. लाकडावर काजळी डांबरासारखी, जाड, चकचकीत. माळा बांधून पुढच्यांनी ती झाकून टाकली होती, आणि साल्मेनं सगळा जन्म तिच्याखाली काढला होता.

“बया,” ती म्हणाली. “येवढं उंच व्हतंस व्हय रं तू, घरा?”

वाऱ्यानं काजळीचे पापुद्रे तिच्या डोक्यावर पडले. ती बाहेर आली तेव्हा चेहरा काळा आणि दात तेवढे पांढरे. ओट्यावरच्या डीबोल्टसमोर उभी राहून म्हणाली, “बगून घे. तुज्या रानात असलं काय उगवतं का ते.”

डीबोल्ट ओट्यावरून उठला होता. तोही वर बघत होता.

बुखेनडॉर्फची वाट ओढ्यातून जाते. काळ्या खांबांच्या गाड्या ओढ्याच्या चढाला लागल्या आणि आभाळ असं कोसळलं की बैलांची शिंगं दिसेनात. पोहोचलो तेव्हा लाकडं धुऊन निघाली होती. काजळी जाईल असा तो पाऊस नव्हता, काजळी तेलासारखी असते, पाणी घेत नाही. पण वेल्टिनच्या खडूच्या खुणा एकजात गेल्या. वेल्टिन म्हणाला, “हरकत न्हाई. जुन्या हाईत.” आणि प्रत्येक जोडाशी काजळी जराशी खरवडून पहिली दिसेल ती खूण वाचून लाकडं मांडायला लागला.

आमच्याकडं घर उभं करणं म्हणजे सण. साल्मेनं तळ्याच्या काठी चर खणून त्यावर हंडे चढवले. डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, वाटाण्याचं सूप. गावातली सगळी धडधाकट माणसं दोर घेऊन आली. हासेलवीलरचीही आली, आणि त्यांच्याबरोबर डीबोल्टही. कशासाठी ते त्यानं लपवलं नाही. “बगाया आलो,” म्हणाला, आणि पहिला सूपाचा वाडगा त्यानंच घेतला.

पहिली चौकट जमिनीवर जोडून दोरांनी उभी केली. मोगऱ्यांचा आवाज तळ्यावर घुमला. दुसरी उभी केली. मग दोन चौकटींना बांधणारी आडवी तुळई वर चढवली, वेल्टिननं खालून डोळा लावला आणि म्हणाला, “खाली घ्या.”

तुळईचं कुसू, म्हणजे टोकाची कापलेली जीभ, एका बाजूला खाचेत बसत होतं, दुसऱ्या बाजूला वीतभर लांब राहत होतं. खांब बदलला. आता खाच बाहेर, तळ्याकडं तोंड करून. धिरा बसवायला गेले तर तो खांबाच्या पोटाऐवजी पाठीला भिडायला लागला. खुणा मात्र बरोबर. एकावर एक, दोनावर दोन. वेल्टिननं त्या पुन्हा वाचल्या, पुन्हा बदललं, आणि अजून वाईट झालं. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला. दोर धरून उभ्या असलेल्या माणसांचे हात भरून आले. दोघांची आपसात जुंपली. दुपार कलली तरी दोन काळ्या चौकटी एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहिलेल्या जावांसारख्या तशाच.

डीबोल्ट वाडगा पुसत उठला. “सूप मातूर झ्याक झालंय, आक्का.”

कुणी हसलं नाही.

“म्या सांगितलं व्हतं. घराला मूळ आसतंय. आपल्या पंज्याच्या पंज्यानं त्या जाग्यावर झाड तोडून त्या जाग्यावर हुबं केलं. दुसऱ्या मातीत त्ये कसं धरंल? जाऊ दे. मागच्या दारची खोली देतो तुला. चुलीचं काय ते बायकूला सांगतो म्या. सरपानाला हिकडून न्हेऊ चार गाड्या.”

त्यात कुत्सितपणा नव्हता, हीच तर वाईट गोष्ट. त्याला खरंच कीव आली होती. साल्मेनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिनं वेल्टिनला विचारलं, “मेस्त्री, चूक माजी हाय का?”

वेल्टिननं खांबावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “खुना कापाया दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं, बाई.”

“म्हंजे माजी.”

“तुमची.”

ती हंड्यापाशी गेली, चरातली राख ओंजळीनं बादलीत टाकली, गरम पाणी ओतलं, गव्हाच्या काडाचा एक बोळा वळला आणि उभ्या खांबापाशी येऊन तो घासायला लागली.

“आता ह्ये काय?” वेल्टिन म्हणाला.

“घान लाकूड म्या घरात घेत न्हाई. सरपान करायचं झालं तरी धुऊन करीन.”

रागात होती. रागात ती नेहमी काहीतरी धुवायची. बापाशी भांडली की बापाचे बूट धुवायची. राखेच्या पाण्यानं काजळी सुटायला लागली, काळं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. ती खुणेपर्यंत आली, बोळ्याचं टोक खुणेच्या रेघेत घालून घासलं, आणि थांबली. मग एक हात वर गेली, तिथं आणखी एक खूण निघाली, तीही घासली. पुन्हा खालची. पुन्हा वरची.

“मेस्त्री, हिकडं या.”

“काय?”

“ही खालची खून कितीबी घासा, काळीच ऱ्हाती. काजळी लाकडात शिरलीया. आन ही वरची बगा. एका हातात साफ. आतून मदाच्या रंगाची. एकाच आईची दोन पोरं, एक काळं आन एक गोरं. ह्यो काय परकार?”

वेल्टिननं डोळा लावला. बोट घातलं. दुसऱ्या खांबाकडं धावला, साल्मेच्या हातातला बोळा हिसकावून तो घासला. तिथंही दोन. एक काळी, एक गोरी, आणि रेघांचे आकडे निरनिराळे. आडव्या तुळईवर मात्र एकच निघाली, गोरी. तो मटकन जोत्यावर बसला. बदक उडालं.

“बोला की!”

“काळी खून धुराच्या आदीची,” वेल्टिन सावकाश म्हणाला. “घर पयल्यांदा हुबं केलं तवाची. मंग खाली जाळ पेटला, धूर खाऊन ती काळी झाली. गोरी खून मागनं केलीया. काजळी धरून झाल्यावर. काजळी कापून पटाशी आत ग्येलीया, म्हनून पोट गोरं. मंग माळा आन धुराडं आलं, तिला जाळाचा धूर लागलाच न्हाई.”

“आन मागनं कशापायी कुनी खुना करील?”

वेल्टिननं वर बघितलं. “घर उकलून दुसरीकडं हुबं करायचं आसल्याबिगर कोन करतंय, बाई?”

आधी कुणाला कळलं नाही. मग दोर धरलेल्यांपैकी एकानं दोर सोडला. मग सगळी माणसं, आमची आणि हासेलवीलरची, एकदम डीबोल्टकडं बघायला लागली.

“न्हाई,” डीबोल्ट म्हणाला. “आमचं घर तिथलंच हाय. तीनशे वर्सं...”

“तीनशे वर्सांचं हायच,” साल्मे म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तळ्याच्या पलीकडं ऐकू गेला. “तिथलं न्हाई. त्ये कुठनंतरी आलंय, डीबोल्ट. तुज्यामाज्या पंज्यांपैकी कुनीतरी, थोरल्या लढाईत गावं जळत आसताना आसंल, न्हाईतर वाटनीत भावासंगं भांडून आसंल, गाड्यांवर घालून आनलंय. मानसं मुळं घेऊन बसत्यात. ह्या घराला चालायची सवय हाय.”

मग ती हसली. तसं हसताना तिला आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, दोन्ही काळे हात कमरेवर, मान मागं टाकून. म्हणाली, “आन ज्यानं आनलं त्यो माज्यापरास शाना. त्यानं लाकडाची माया केली न्हाई, खुना कापल्या. म्या लाकडाला कुरवाळत बसले.”

वेल्टिन उठला होता. त्याचा आवाज एकदम धारदार झाला. दोन्ही वेळच्या खुणा सरमिसळ वाचल्यामुळं घर जमत नव्हतं. अर्धे खांब पहिल्या जागेचे झाले होते, अर्धे दुसऱ्या. दुसऱ्यांदा उभं करताना त्या जुन्या माणसानं घराची तोंडं फिरवली होती, चुलीची बाजू दाराकडं घेतली होती, आणि मोडक्या तुळयांच्या जागी नव्या घातल्या होत्या. म्हणून काळ्या खुणा काही लाकडांवर होत्या, गोऱ्या सगळ्यांवर. “गोऱ्या धरा!” तो ओरडला. “काळ्याकडं बगू नका. आदी समदं धुवा!”

मग जे झालं ते बघायला पाद्रीसुद्धा आला. दोर टाकून माणसं बोळे घेऊन बसली. जेवणाचे हंडे रिकामे करून त्यात राखेचं पाणी. जे बायकोला कधी भांडं घासू लागले नव्हते ते तुळया घासत होते, आणि त्यांच्या बायका जोत्यावर बसून तो देखावा बघत, शेरे मारत, उरलेला कोबी खात होत्या. “कोपऱ्यातलं ऱ्हायलं!” “असा हात घरी चालीव की मुडद्या!” तळ्याच्या कडेचं पाणी काळं झालं. बदकांची पोटं काळी झाली ती पुढं पंधरवडाभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्या खुणांवरून चौकटी पुन्हा जोडल्या. आडवी तुळई वर गेली. वेल्टिननं ओळंबा सोडला, मोगरीचा एक हलका ठोका दिला, आणि कुसू खाचेत असं गेलं की आवाजही झाला नाही. ओकच्या खुंट्या ठोकायला घेतल्या. धिरे जागच्या जागी, खांबाच्या पोटाला. शेवटची चौकट सगळ्यात जड. ती अर्धी उठली आणि थांबली. दोर ताणले गेले, पाय चिखलात घसरायला लागले.

डीबोल्ट नासपतीखाली हाताची घडी घालून उभा होता.

“धर की रं!” साल्मे दोराला लटकल्या लटकल्या ओरडली. “बगतूस काय? तुज्याबी आज्याचं लाकूड हाय ते!”

त्यानं टोपी फेकली आणि दोर धरला. ताकदीला तो रेडा होता, ती ताकद तिनंच दूध पाजून आणलेली. चौकट उठली, डोलली, आणि तोंडाशी तोंड लावून बसली. ते चार उंच काळे खांब, आता धुतल्यामुळं तपकिरी, तळ्यात उलटे दिसायला लागले, आणि आमच्या गावातली आजवरची सगळी घरं एकदम बुटकी झाली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं. माझा त्या घराशी दोर ओढण्यापलीकडं संबंध नव्हता.

आढ्यावर फर झाडाची फांदी बांधली, तिला चिंध्या. वेल्टिन वर चढला, पेल्यातली वाइन एका घोटात प्याला आणि पेला खाली भिरकावला. तो जोत्याच्या दगडावर फुटला. फुटला की शुभ. साल्मेनं काचा स्वतः झाडल्या. म्हणाली, “बदकांच्या पायात जातील.”

मार्टिनच्या सणाच्या आत पुढचा दर्शनी भागही लागला. सज्जा तिनं लावलाच नाही. तंबाखू तिला नको होती. त्याऐवजी तळ्याकडं एक रुंद खिडकी काढली. धुराडं नवीन बांधलं, आणि त्यात धूर सरळ जातो की नाही ते बघायला ती अर्धा दिवस बाहेर मान वर करून उभी होती. म्हणजे तिच्या हातूनही त्या घरात भर पडली. हासेलवीलरच्या अंगणात लाकडाचा एक तुकडा उरला नव्हता. तिनं खरंच झाडून दिलं होतं.

वेल्टिन हत्यारं गोळा करायला लागला तेव्हा ती म्हणाली, “आजून काम हाय. पटाशी काड. हरेक जोडाला नवी खून कर. रेघा नगंत, रेघा समद्यांच्या आसत्यात. चंद्राची कोर कर. म्हंजे काळ्यागोऱ्यात घोटाळा नगं.”

“आता? आता तर घर बसलं, बाई. कशाला वळूचा डाग?”

“उद्या कुनी भाच्यापुतन्यानं उचलायचं ठरिवलं तर शिव्या घालाया म्या हयात आसनार हाय का? कर.”

वेल्टिननं तिसऱ्या खुणा कापल्या. आजही आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला साल्मे त्या दाखवते, काळी, गोरी आणि कोर, बोट ठेवून, आणि कुणी नुसती मान हलवली की त्याला पुन्हा पहिल्यापासून दाखवते.

सणादिवशी डीबोल्ट आला, काखेत सणाच्या जेवणाचा, पिसं काढलेला हंस. दारात घुटमळला. उंबरा त्याच्या ओळखीचा, त्याच्यामागचं गाव निराळं. आत येऊन तो नव्या चुलीजवळ बसला आणि म्हणाला, “गोठ्यात निजतुया आमी. बायकू रोज डोकं खाती.”

“मंग?”

“वेल्टिनला सांगितलंय. नवं घर घालतो. लहान.” त्यानं चुलीत एक लाकूड सारलं. “कूड लिंपाया येशील का?”

“येईन. मजुरी घेईन, भाऊ म्हनून सोडनार न्हाई. आन तुज्या बायकूला सांग, चिखल कसा तुडवायचा ते म्या सांगीन, ती मला न्हाई.”

“सांगतो.”

“आन खुना काप. पयल्या दिशी.”

त्यानं मान हलवली. तिनं हंस हातात तोलून बघितला, बरा आहे म्हणाली, तो खुंटीला अडकवला. मागची भिंत अजून उघडी होती, कूड विणलेला, माती लागायची राहिलेली, आणि फटींतून तळ्यावरचा वारा थेट आत येत होता. थंडी कडक पडायच्या आत ती बंद व्हायला हवी होती. साल्मेनं घागरा गुडघ्याच्या वर खोचला, मागच्या खड्ड्यात उतरली आणि थंडगार चिखल तुडवायला लागली. चार फेऱ्या घातल्या, अंगठ्यानं दाबून बघितलं.

“आजून रडतंय,” ती म्हणाली. “डीबोल्ट, बसलास काय? भुसकट आन.”